चावडीवर लावलेली विश्वप्रलयाची नोटीस

गुरुवारची सकाळ आहे, आदल्या रात्रीच्या मद्यपानाने डोके जड झाले आहे, आणि इंग्लंडातील एका सामान्य खेड्यात राहणारा आर्थर डेन्ट नावाचा तितकाच सामान्य गृहस्थ दात घासता घासता खिडकीबाहेर पाहतो तो त्याला आपल्या बागेत एक पिवळा बुलडोझर उभा दिसतो. आपले घर पाडून त्या जागेवरून बायपास काढण्याचे ठरले आहे, हे त्याला तेव्हा आठवते. चिडून तो तसाच चिखलात, त्या यंत्राच्या पुढे, आडवा होतो. आणि स्थानिक कौन्सिलचा अंमलदार त्याला अत्यंत शांतपणे समजावून सांगतो की या रस्त्याचे नकाशे गेले नऊ महिने कचेरीत सर्वांच्या अवलोकनार्थ ठेवलेले होते, हरकत घ्यायची तर ती तेव्हाच घ्यायला हवी होती. नकाशे ठेवले होते ही गोष्ट खरी. मात्र ते ठेवले होते तळघरात, जिथे दिवा नव्हता आणि उतरायला जिनाही शिल्लक नव्हता, आणि तेथेही एका वापरात नसलेल्या शौचकूपातील कुलूपबंद कपाटात, ज्याच्या दारावर आत बिबट्या असल्याचा इशारा लिहिलेला होता.

डग्लस अ‍ॅडम्स या इंग्रज लेखकाच्या ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ या कादंबरीचा आरंभ असा आहे. ‘वैज्ञानिक कादंबरी’ हे शब्द ऐकताच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्या वाचकांनी हा आरंभ तरी अवश्य वाचावा असे मला वाटते. कारण त्यात विज्ञान औषधालाही नाही, आणि जे आहे ते तहसील कचेरीच्या ओट्यावर एक दुपार काढलेल्या कोणत्याही मराठी माणसाच्या पूर्ण परिचयाचे आहे. 1894 साली इंग्रज सरकारने या देशात केलेला भूसंपादनाचा कायदा पुढे स्वतंत्र भारतातही 2013 अखेरपर्यंत चालू राहिला. त्यातील तरतुदीप्रमाणे सरकारी राजपत्रात अधिसूचना निघे, गावात सोयीच्या ठिकाणी जाहीर नोटीस लागे, आणि हितसंबंधी इसमाने तीस दिवसांच्या मुदतीत आपली हरकत लेखी नोंदवावी असा नियम असे. नियम वाजवी होता. पण चावडीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या जुन्या पत्रकाखाली अर्धा झाकलेला, पावसाने शाई उतरलेला तो कागद ज्याची जमीन जायची आहे त्याने कधी वाचायचा, याविषयी कायदा मौन धारण करून होता. माझ्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांना आपल्या परसातील विहीर रस्तारुंदीत गेल्याचे वर्तमान असेच, मोजणीदार खुंट्या ठोकू लागले तेव्हा कळले. आणि ‘नोटीस डकवली होती’ या एका वाक्यापुढे त्यांचे सारे वाक्पांडित्य निष्प्रभ ठरले. त्यांना मी आर्थर डेन्टची हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. बराच वेळ विचार करून, त्या बिबट्याचे पुढे काय झाले, एवढेच त्यांनी विचारले.

येथपर्यंत ही एक चांगली सामाजिक विनोदकथा झाली. पण अ‍ॅडम्सच्या प्रतिभेचा विशेष यापुढे आहे. आर्थर चिखलात पडलेला असताना फोर्ड प्रिफेक्ट नावाचा त्याचा एक मित्र येतो. हा मनुष्य वस्तुतः मृग नक्षत्रातील काक्षी ताऱ्याच्या आसमंतातून आलेला परग्रहवासी असून, पृथ्वीवर सर्वसामान्य वाटावे म्हणून त्याने जे नाव धारण केले आहे ते एका मोटारीचे आहे. तो कौन्सिलच्या अंमलदाराशी तर्कशुद्ध युक्तिवाद करून, आर्थर परत येईपर्यंत त्याच्याऐवजी तुम्हीच चिखलात पडून राहा, असे त्या बिचाऱ्याच्या गळी उतरवतो, आणि मित्राला घेऊन मद्यगृहात जातो. कारण काही मिनिटांत जगाचा अंत व्हायचा आहे, ही बातमी त्याला ठाऊक असते. थोड्याच वेळात आकाश अवाढव्य पिवळ्या यानांनी भरून जाते, आणि व्होगॉन नावाच्या जमातीचा एक अधिकारी समस्त पृथ्वीवासीयांना उद्देशून जाहीर करतो की आकाशगंगेच्या या भागातून एक अंतराळ-बायपास काढावयाचा असल्यामुळे तुमचा ग्रह पाडण्यात येत आहे. आक्रोश होतो, तेव्हा त्याचा स्वर किंचित चिडका होतो: नकाशे आणि आदेश गेली पन्नास वर्षे मित्र ताऱ्यावरील नियोजन खात्यात अवलोकनार्थ ठेवलेले होते, चार प्रकाशवर्षांहून थोडे अधिक अंतर, तेवढेही जाणे ज्यांना जमले नाही त्यांनी आता गळा काढण्यात काय हशील?

एकच प्रसंग, एकच तक्रार आणि एकच उत्तर. फक्त मोजमापाची पट्टी बदललेली. पहिल्या वेळी एक घर जाते आणि आपण आर्थरच्या बाजूने संतापतो; दुसऱ्या वेळी सारी पृथ्वी जाते आणि आपण मोठ्याने हसतो. हे असे का व्हावे, याचा विचार करू लागलो की या कादंबरीचा गाभाच हाती येतो.

भरताने नाट्यशास्त्रात हास्य आणि अद्भुत हे दोन रस वेगळे मानले आहेत. हास्याचा उगम त्याने शृंगारात सांगितला आणि अद्भुताचा वीरात, म्हणजे दोघांचे कुळही भिन्न. विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव. आणि गंभीर वैज्ञानिक कादंबरी ही या विस्मयावरच जगते. कोट्यवधी तारे, लक्षावधी वर्षे, मानवी बुद्धीला पेलणार नाहीत अशी अंतरे यांपुढे वाचकाला नतमस्तक करणे हा तिचा व्यवसाय. उलटपक्षी हास्य विकृतीतून, म्हणजे जे जिथे शोभत नाही ते तिथे आल्यामुळे, उत्पन्न होते. अ‍ॅडम्स या दोघांना एकाच वाक्यात नांदवतो. वाक्याच्या पूर्वार्धात तो आपल्याला आकाशगंगेच्या कडेवर नेऊन उभा करतो आणि उत्तरार्धात तिथे चहाचा पेला ठेवतो. आणि आकाशगंगा जितकी खरी वाटते तितकाच पेलाही खरा वाटत असल्यामुळे, मोठे कोण आणि छोटे कोण हा निवाडा वाचकाच्या मनात क्षणभर डळमळतो. त्या डळमळण्यात जे हसू फुटते ते निव्वळ कोटीचे हसू नव्हे.

आपल्या पुराणकारांना ही युक्ती अज्ञात होती असे मात्र कोणी समजू नये. ककुद्मी राजा आपली कन्या रेवती हिला घेऊन, तिच्यासाठी वर कोणता योग्य हे विचारायला थेट ब्रह्मलोकी जातो. तिथे गंधर्वांचे गायन चालू असते म्हणून क्षणभर थांबतो. आणि गायन संपल्यावर मनातली नावे सांगू लागतो तेव्हा ब्रह्मदेव हसून म्हणतो की मधल्या काळात सत्तावीस चतुर्युगे उलटून गेली, तुझ्या यादीतील वर, त्यांचे पुत्र आणि पौत्र यांचा नामोल्लेखही आता उरला नाही. मग रेवती बलरामाला दिली जाते. पण जुन्या युगातील ही कन्या त्याला फारच उंच भरते, तेव्हा तो नांगराच्या टोकाने तिला खाली ओढून आपल्या मापाची करतो, असे विष्णुपुराण सांगते. स्थळे पाहायला निघालेला एक चिंताक्रांत बाप आणि मध्ये सत्तावीस चतुर्युगे! अ‍ॅडम्सला ही कथा कोणी सांगितली असती तर तिच्यावरून त्याने एक प्रकरण सहज लिहिले असते.

हा लेखक 1952 साली केंब्रिजमध्ये जन्मला, तिथल्याच सेंट जॉन्स कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला, आणि विद्यार्थ्यांच्या ‘फुटलाइट्स’ या प्रहसनमंडळीत वावरला. कादंबरीचे बीज 1971 साली त्याच्या मनात पडले असे तो सांगत असे. वाटेत भेटेल त्या मोटारीतून फुकट प्रवास करत तो युरोप पाहत होता. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक गावाबाहेर एका शेतात मद्याच्या अमलाखाली उताणा पडून तो तारे बघत होता, आणि जवळ अशा प्रवाशांसाठी लिहिलेले युरोपचे एक मार्गदर्शक पुस्तक होते. आकाशगंगेसाठीही असे पुस्तक कोणीतरी लिहायला हवे, हा विचार त्याला तेव्हा सुचला. तो प्रत्यक्षात उतरायला सात वर्षे लागली, आणि उतरला तो पुस्तकरूपाने नव्हे: 8 मार्च 1978 रोजी, बुधवारी रात्री साडेदहा वाजता, बीबीसीच्या रेडिओ फोरवर या श्रुतिकेचा पहिला भाग सादर झाला. त्या अवेळी कोण ऐकणार, असे कोणालाही वाटले असते. पण ऐकणाऱ्यांनी दुसऱ्यांना सांगितले, आणि सहा भाग पूर्ण होईपर्यंत तिची कीर्ती सर्वतोमुखी झाली. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1979 मध्ये, पॅन या प्रकाशनसंस्थेने स्वस्त आवृत्तीत कादंबरी काढली, आणि पहिल्या तीन महिन्यांत तिच्या अडीच लाख प्रती खपल्या.

ही गोष्ट प्रथम कानांसाठी लिहिली गेली होती, याचे स्मरण वाचकाने ठेवलेले बरे. पीटर जोन्स या नटाच्या सौम्य, किंचित गोंधळलेल्या, परंतु कधीही न चिडणाऱ्या आवाजात त्यातील ‘पुस्तक’ बोलत असे. आणि तो आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांनाही छापील पानांतून तो ऐकू येतो. कारण कादंबरीचा खरा नायक आर्थर नाही आणि फोर्डही नाही. तो आहे हा मार्गदर्शक ग्रंथ. कादंबरीत त्याचे वर्णन एका छोट्या उपकरणासारखे आहे, ज्यावर शंभरएक बटणे आणि एक लहानसा पडदा असून त्यातून कोणतेही पान क्षणार्धात दिसते. ज्या वर्षी हे लिहिले गेले त्या वर्षी असली वस्तू केवळ कल्पनेतच होती. त्याच्या वेष्टनावर ठळक आणि स्नेहाळ अक्षरांत, घाबरू नका, असा उपदेश छापलेला असतो. अधिकृत विश्वकोशाच्या तुलनेत तो पुष्कळदा चुकीचा आणि अपुरा आहे, पण किंमत थोडी कमी आणि वेष्टनावर तो दिलासा, एवढ्या दोन गुणांवर त्याने बाजार जिंकला आहे.

ज्ञानकोश किंवा विश्वकोश ज्यांनी कधी चाळला असेल त्यांना त्या गद्याचा घाट ठाऊक असतो: नोंद कशाचीही असो, कॉलऱ्याची असो वा कोथिंबिरीची, स्वर एकच, समतोल आणि निर्विकार. अ‍ॅडम्सने हा स्वर उचलला आणि त्या स्वरात अशक्य गोष्टी सांगितल्या. टॉवेलाची नोंद घ्या. अंतराळप्रवाशाजवळ असावी अशी सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे टॉवेल, असे हा ग्रंथ गंभीरपणे प्रतिपादन करतो आणि त्याचे उपयोग एकामागून एक सांगत जातो: पांघरायला, अंथरायला, शिडासारखा बांधायला, भिजवून शस्त्र म्हणून फिरवायला, आणि पुरेसा स्वच्छ राहिला असेल तर अंग पुसायलाही. इंग्रज वाचकाला यात विक्षिप्तपणा दिसला असेल. पण ज्याने आपल्याकडील वाटसरूच्या खांद्यावरचा पंचा पाहिला आहे, जो सकाळी नदीवर अंग पुसतो, दुपारी डोक्याला गुंडाळला जातो, बाजारात गाठोडे होतो आणि रात्री उशाला जातो, त्याला ही नोंद विनोदी वाटण्याआधी खरी वाटेल. त्याच ग्रंथात एका हिंस्र पण कमालीच्या मठ्ठ श्वापदाचा उल्लेख आहे. त्याची अशी समजूत असते की आपण त्याला पाहू शकत नसलो तर तेही आपल्याला पाहू शकत नाही, म्हणून टॉवेल डोळ्यांवर बांधला की प्राण वाचतात. डोळे मिटून दूध पिणारे मांजर ज्या भाषेत शतकानुशतके नांदत आहे, त्या भाषेच्या वाचकाला याचे स्पष्टीकरण नको.

आणि पृथ्वी? साऱ्या मानवजातीची, तिच्या देवळांची, युद्धांची, काव्यांची या ग्रंथातील नोंद एका शब्दाची आहे: निरुपद्रवी. आर्थर दुखावतो. तेव्हा फोर्ड त्याची समजूत घालतो की पंधरा वर्षे पृथ्वीवर राहून मी सुधारित नोंद पाठवली आहे. संपादकांनी काटछाट केली खरी, पण ती पूर्वीपेक्षा विस्तृत आहे. ती आता अशी आहे: बहुतांशी निरुपद्रवी. ज्या लेखकाने आपला लेख कधी संपादकाच्या कात्रीखाली दिला आहे, त्याने हे वाचून हसावे की रडावे?

या कादंबरीत कथानक शोधणारा वाचक निराश होतो, हे आधीच सांगून ठेवतो. दोन डोक्यांचा, आकाशगंगेचा अध्यक्ष असलेला झेफॉड बीबलब्रॉक्स एक यान पळवतो. ते यान असंभाव्यतेच्या बळावर चालते. त्यातून ही मंडळी मॅग्रथिया नावाच्या एका दंतकथेतील ग्रहावर पोचतात, जिथे पूर्वी गडगंज गिऱ्हाइकांच्या मागणीबरहुकूम ग्रह तयार करून दिले जात. कथा एवढीच, आणि तीही वाटेत दहा ठिकाणी थांबते. पण थांबते त्या जागाच मौजेच्या आहेत. त्यांच्या यानावर सोडलेल्या दोन क्षेपणास्त्रांचे असंभाव्यतेच्या प्रभावाने रूपांतर होते. एकाची पिटुनियाच्या फुलांची कुंडी बनते आणि दुसऱ्याचा देवमासा. जमिनीपासून कित्येक मैल उंचीवर अकस्मात अस्तित्वात आलेला तो देवमासा खाली पडता पडता, बालकाच्या कुतूहलाने, मी कोण, ही वाहणारी गोष्ट काय, ही वेगाने जवळ येणारी विस्तीर्ण गोष्ट काय, असे प्रश्न विचारीत प्रत्येकीला नाव देऊ लागतो. त्याचे नामकरण पुरे होते न होते तोच जमीन येते. फुलांच्या कुंडीच्या मनात मात्र, हा प्रसंग आपल्यावर पूर्वीही गुदरला आहे, अशा अर्थाचा वैतागच तेवढा उमटतो. दीड पानांचा मजकूर. त्याचा कथानकाशी काडीचा संबंध नाही. आणि माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या प्रवासावर इतके थोडक्यात आणि इतक्या निर्मळपणे लिहिलेले मी फारसे वाचलेले नाही.

व्होगॉनांविषयी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. त्यांच्या काव्याचा क्रमांक विश्वातील वाईट काव्यात तिसरा लागतो, आणि कैद्यांना बांधून ते ऐकवणे ही त्यांची शिक्षा आहे. आर्थर आणि फोर्ड यांना ती भोगावी लागते. आणि ती संपल्यावर, प्राण वाचतील या आशेने, आर्थर त्या काव्याचे रसग्रहण करू लागतो, त्यातील तत्त्वगर्भ प्रतिमा आणि लयीचा वापर यांविषयी बोलू लागतो. कविसंमेलनाच्या अध्यक्षपदी बसण्याची पाळी ज्यांच्यावर आली असेल त्यांनी हे प्रकरण एकांतात वाचावे.

पात्रचित्रणात लेखक तितका समर्थ नाही, हे मान्य केले पाहिजे. ट्रिलियन ही कथेतील एकमेव तरुणी, खगोलभौतिकीची पदवीधर, यानावरील सर्वांत शहाणी व्यक्ती. आणि तिच्या वाट्याला लेखकाने चार सुटी वाक्ये देऊन तिला जवळजवळ विसरूनच टाकले आहे. आर्थर हाही एक ठोकळेबाज गृहस्थ. पण त्याचा ठोकळेबाजपणा ही कथेची गरज आहे. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव जसा कोणत्याही अद्भुत परिस्थितीत सापडला तरी आपल्या मध्यमवर्गीय चिंता सोडत नाही, तसा आर्थर अंतराळाच्या पोकळीतही चहा मिळेल काय याचीच विवंचना करतो, आणि म्हणूनच वाचकाला तिथे पाय टेकायला जागा मिळते. खरे यशस्वी पात्र यंत्रमानव मार्व्हिनचे. एखाद्या ग्रहाएवढा मेंदू असलेल्या या यंत्राला दिवसभर दारे उघडण्याची आणि पाहुण्यांना आत आणण्याची कामे सांगितली जातात. त्याला विषाद न झाला तरच नवल. पदवी मोठी आणि काम शिपायाचे, ही व्यथा सांगायला इथे परग्रहाची गरज नव्हती; पण परग्रहावर ती अधिक स्वच्छ दिसते.

आता बेचाळीस. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्याही कानावर हा आकडा गेलेला असतो. फार पूर्वी एका अतिप्रगत जमातीने जीवन, विश्व आणि सर्व काही यांविषयीच्या अंतिम प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी ‘डीप थॉट’ नावाचा महासंगणक बांधला. त्याने विचार करायला पंचाहत्तर लाख वर्षांची मुदत मागितली. मुदत भरली, लोक जमले, आणि संगणकाने अगदी शांतपणे उत्तर सांगितले: बेचाळीस. लोक खवळले, तेव्हा त्याने दाखवून दिले की उत्तर अचूक आहे, मात्र प्रश्न नेमका काय होता हे तुमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. तो प्रश्न शोधण्यासाठी मग याहून मोठा संगणक बांधण्यात आला, आणि त्याचेच नाव पृथ्वी. एक कोटी वर्षांचे हे गणित पुरे व्हायला पाच मिनिटे उरली असताना व्होगॉनांनी बायपाससाठी ती पाडून टाकली.

प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू हातात समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात. ऋषी त्यांना लगेच काही सांगत नाहीत, तर एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांनी येथे राहा, मग इच्छेनुरूप प्रश्न विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सांगू, असे म्हणतात. ते वर्ष प्रश्नाला आकार येण्यासाठी असते, अशी माझी समजूत आहे. डीप थॉटपुढे जमलेल्या लोकांनी ते वर्ष गाळले आणि उत्तरासाठी पंचाहत्तर लाख वर्षे थांबले. अ‍ॅडम्सने उपनिषदे वाचली होती असा दावा मी करत नाही. स्वतःला तो निरीश्वरवादी म्हणवीत असे. पण हा विनोद ज्या मर्मावर बोट ठेवतो ते मर्म आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी लोकांनी जे परिश्रम घेतले ते व्होगॉनांनाही लाजवतील. पुढच्या एका भागात हा अंतिम प्रश्न म्हणजे सहा नवे किती असा असावा, असे सुचवले जाते. सहा नवे चोपन्न, पण तेरा हा पाया धरून मोजणी केली तर चोपन्नाचे लेखन 42 असेच होते, असा शोध एका हुशार वाचकाने लावला. अ‍ॅडम्सने खुलासा केला तो साधा होता: मला एक लहानसा, सामान्य आकडा हवा होता, टेबलाशी बसून बागेकडे पाहिले आणि हा आकडा चालेल असे वाटले. तरीही शोधक थांबले नाहीत. तीन पूर्णांकांच्या घनांची बेरीज म्हणून शंभरापर्यंतच्या ज्या संख्या मांडता येणे शक्य होते, त्यांतील अखेरपर्यंत हुलकावणी देणारी संख्या योगायोगाने नेमकी 42 होती. अँड्र्यू बुकर आणि अँड्र्यू सदरलँड या दोघा गणितज्ञांनी 2019 साली जगभरातील लाखो खासगी संगणकांच्या साहाय्याने तिचे उत्तर काढले. एका लघुग्रहाला आर्थर डेन्टचे नाव आहे, दुसऱ्याला लेखकाचे. 2018 च्या फेब्रुवारीत फाल्कन हेवी या अग्निबाणाने जी मोटार अंतराळात सोडली तिच्या पुढच्या पडद्यावर त्या ग्रंथाच्या वेष्टनावरचाच दिलासा लिहिलेला होता.

ही कादंबरी वाचावी कशी, असे मला एकदा एका तरुण वाचकाने विचारले होते. माझे सांगणे एवढेच की एका बैठकीत संपवू नये. दोनशेच पानांचे पुस्तक आहे, संध्याकाळीच संपेल, असा हिशेब करून वाचणाऱ्याला तिसऱ्या प्रकरणापासून विनोदाचा शीण येतो. चमत्काराला सोकावलेल्या मनाला चमत्कार दिसेनासा होतो. रोज एक-दोन प्रकरणे, शक्य तर मोठ्याने, घरात कोणी ऐकणारे असेल तर फारच उत्तम. आणि शेवटाकडून फार अपेक्षा ठेवू नये. कादंबरी संपत नाही, थांबते. मजकूर द्यायला अ‍ॅडम्स इतका उशीर लावत होता की अखेर प्रकाशकाने त्याला, ज्या पानावर आहात ते पूर्ण करा आणि असेल ते पाठवून द्या, असे कळवले, ही कथा तो स्वतःच सांगत असे. पुढे आणखी चार भाग आले. त्यांपैकी 1980 चा दुसरा भाग पहिल्याच्या तोलाचा आहे, आणि 1992 चा पाचवा इतका उदास की तो वाचला नाही तरी चालेल.

मराठीत विज्ञानकथा आहे आणि विनोदही आहे. पण या दोघांचा सोयरसंबंध फारसा जुळला नाही, याचे मला नवल वाटते. कदाचित आपली विज्ञानकथा प्रबोधनाचे व्रत घेऊन जन्माला आली म्हणून असेल. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी जयंत नारळीकरांनी 1974 साली ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून घेतलेल्या नारायण विनायक जगताप या नावाने. तिला पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्या एका कथेने मराठीत या वाङ्मयप्रकाराला प्रतिष्ठा दिली. कथा गंभीर होती. टोपणनावात मात्र मिश्किलपणा होता. तो मिश्किलपणा टोपणनावातून कथेत उतरावा, आणि ज्या भाषेत फर्मान, हरकत, मुदत, तगादा, दप्तर असले शब्द अजून ताजे आहेत तिच्यात एखाद्या लेखकाने आकाशगंगेचा मामलेदार उभा करावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

अ‍ॅडम्सला लिहिणे अतिशय जड जाई. चौथ्या भागाच्या वेळी मुदत टळत चालली तेव्हा सनी मेहता या भारतीय वंशाच्या संपादकाने त्याला लंडनच्या एका हॉटेलात नेऊन ठेवले आणि पुस्तक हाती येईपर्यंत स्वतः तिथे मुक्काम ठोकला. 11 मे 2001 रोजी कॅलिफोर्नियात, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. लंडनच्या हायगेट दफनभूमीत, जिथे कार्ल मार्क्सही आहे, त्याची साधी करडी शिळा आहे. तिच्यावर नाव, जन्ममृत्यूची साले आणि ‘लेखक’ एवढा एकच शब्द आहे. शिळेपुढे येणारेजाणारे वाचक पेने खोचून ठेवतात.